उतरताना गिअर कुठला?

नात्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला माझ्या गाडीचा फोटो मी फार विचार करून काढला होता. कॅमेरा जमिनीलगत, गाडी तिरकी, मागे कॅलिफोर्नियाचे पिवळे डोंगर आणि बॉनेटमधून वर उघडलेले दिवे. शेजारी माणूस नाही. माणूस उभा केला की गाडी त्याच्या कमरेच्या जेमतेम वर येते आणि ‘स्पोर्ट्‌स कार’मधली सगळी हवा निघून जाते. माझ्दा मियाटा, १९८९ साली बाजारात आलेली. माझी त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली, कितव्या तरी मालकाकडून घेतलेली. दोन सीट, कापडी टप, १६०० सीसी, ११६ हॉर्सपॉवर. जवळपास एवढी ताकद आज पुण्यात दूध आणायला काढलेल्या क्रेटातही असते. फक्त क्रेटावाला तिला ‘मशीन’ म्हणत नाही. मी म्हणतो.

ग्रुपवर अंगठे आले, जोडलेले हात आले. एका चुलतभावानं ‘भाई, टॉप स्पीड?’ असं विचारलं आणि मावशीनं लिहिलं, ‘रेस लावतोस म्हणे, जपून रे बाबा.’

ही रेस नाही, हे मी मावशीला सांगितलेलं नाही. एखादा मोटार क्लब दिवसभरासाठी रेसट्रॅक भाड्यानं घेतो. आपण चार-पाचशे डॉलर भरायचे, रोज ऑफिसला नेतो तीच गाडी न्यायची आणि वीस-वीस मिनिटांच्या पाळ्यांत गोल फिरून परत यायचं. पहिला-दुसरा नाही, बक्षीस नाही, नवशिक्यांच्या गटात तर घड्याळ लावायलाही मनाई. कुणी जिंकत नाही, त्यामुळे मी हरलो असं अजून कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. या छंदात मला गोडी वाटते ती मुख्यतः याचीच.

आमचा ट्रॅक म्हणजे मॉन्टेरेजवळचा लगूना सेका. आधी पेबल बीचच्या झाडीतल्या रस्त्यांवर शर्यती व्हायच्या. त्या जिवावर बेतायला लागल्या, म्हणून १९५७ मध्ये हा बांधला. साडेतीन किलोमीटरहून जरा जास्त लांबी, अकरा वळणं.

आत सोडण्याआधी तपासणी होते. चाकांचे नट, बॅटरी, ब्रेक पॅड, टायर. उघड्या टपाच्या गाडीला डोक्यामागे पोलादी रोल बार हवा, आणि त्यानंतर येते झाडूची दांडी. आपण हेल्मेट घालून, पट्टा आवळून सीटवर बसायचं. तपासनीस दांडीचं एक टोक रोल बारवर आणि दुसरं पुढच्या काचेच्या चौकटीवर टेकवतो. हेल्मेट दांडीला लागलं तर घरी जा. रांगेत माझ्यापुढचा सहा फुटी देखणा गडी खांदे पाडून, मान आखडून, श्वास सोडून पुन्हा पुन्हा बसून पाहत होता आणि दांडी त्याच्या हेल्मेटवर टक टक वाजत होती. माझ्या डोक्यावर चार बोटं अंतर राहिलं. शाळेत प्रार्थनेला कायम पहिल्या रांगेत उभं केलेल्या आणि लग्नाच्या फॉर्मवर ‘मुलाची उंची’ या रकान्याशी दर वेळी अडखळलेल्या माणसाची बाजू आयुष्यात प्रथमच कुणीतरी घेतली होती. तपासणी संपल्यावरही मी जरा वेळ सीटवरून उठलो नाही.

मग गाडीतल्या सुट्या वस्तू बाहेर काढायच्या. मॅट, छत्री, चार्जर, सीटखालून निघालेली बाकरवडीची रिकामी पिशवी. राहता राहिला डॅशबोर्डवरचा गणपती. “हा घट्ट आहे ना?” तपासनिसानं विचारलं. म्हटलं, वर्षानुवर्षं बसलाय. त्यानं दोन बोटांनी हलवून पाहिलं आणि बाप्पा टेपसकट त्याच्या हातात आले. ग्रीसनं माखलेला तो आडदांड माणूस एकदम अवघडला. मोकळा हात पँटला पुसला, मूर्ती दोन्ही हातांत धरली आणि हळू आवाजात मला विचारलं, “यांना कुठे ठेवतात?” जॅक, स्टेपनी आणि माझा डबा जिथे पडला होता त्या ताडपत्रीवर ठेवायला त्याचं मन होईना. शेवटी त्यानं आपल्या टेबलावर, तपासणीच्या फॉर्मांच्या गठ्ठ्यावर जागा केली. त्या दिवशी पास झालेला प्रत्येक फॉर्म बाप्पांच्या खालून निघाला.

शेजारच्या सीटवर क्लबचा इन्स्ट्रक्टर बसतो. माझ्या वाट्याला एक निवृत्त शाळामास्तरीण बाई आल्या. मी पुण्यात, लक्ष्मी रोडवर गाडी शिकलोय, हे मी त्यांना आधीच सांगून टाकलं. त्या ‘छान’ म्हणाल्या. पहिल्या वळणाला हेल्मेटमधल्या इंटरकॉमवर आवाज आला, “स्टिअरिंग पळून जाणार नाहीये, मूठ सैल सोड.” दुसऱ्याला, “नजर वर. लांब बघ.” आता, लक्ष्मी रोडवर लांब बघणारा माणूस जगत नाही. तिथे नजर दोन फुटांवर लागते. खड्डा, कुत्रं आणि अचानक थांबून भाजीचा भाव विचारणारी स्कूटर, सगळं त्याच दोन फुटांत असतं. पण बाईंना हे इंटरकॉमवर समजावणं अवघड होतं.

आठवं वळण म्हणजे तिथलं प्रसिद्ध कॉर्कस्क्रू. चढ चढताना समोर फक्त आभाळ दिसतं. ब्रेक दाबून डावीकडे वळवलं की पुढची जमीन खाली जाते. साडेचारशे फुटांच्या रस्त्यात एकोणसाठ फूट उतार, म्हणजे साडेपाच मजले. रस्ता दिसण्याआधी वळावं लागतं, म्हणून पलीकडच्या ओकच्या झाडावर नेम धरायला शिकवतात. १९९६ मध्ये रेसर अ‍ॅलेक्स झनार्डीनं शर्यतीच्या शेवटच्या फेरीत इथेच, वळणाच्या आतून घुसून, पुढच्याला मागे टाकलं होतं. मी तिथे नुसता ब्रेक लावतो.

ब्रेकचा विषय निघाला की बायको उठून आत जाते. तुम्हीही गेलात तरी राग नाही. गाडी थांबते म्हणजे तिचा वेग उष्णतेत जातो, बाकी काही नाही. ट्रॅकवर ही उष्णता वळणा-वळणाला साठत जाते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. पाणी मुरलेलं ऑइल लवकर उकळतं आणि त्यात वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. मग ओल्या कणकेत बोट रुतावं तसं पेडल खाली जातं आणि गाडी आपली चाललेली असते. हे मला क्लबच्या वर्गात फळ्यावर शिकवलं. त्याच्या कितीतरी आधी ते मामानं वरंधा घाटात शिकवलं होतं. मामा एसटीत ड्रायव्हर होता, भोर-महाड मार्गावर. सुट्टीत मी इंजिनच्या तापलेल्या झाकणाजवळ बसून जायचो. ज्या गिअरात घाट चढायचा त्याच गिअरात उतरायचा, गाडी इंजिनानं धरायची आणि ब्रेक गरजेला राखून ठेवायचा, हा त्याचा नियम. घाटात ब्रेकचे लायनर जळल्याचा वास आला की तो नुसतं म्हणायचा, “नवा दिसतोय.” म्हणजे पुढच्या ट्रकचा ड्रायव्हर.

चढ-उतार आणि ब्रेक यांनी महाराष्ट्र घडवला, असं माझं प्रामाणिक मत आहे. बोरघाटातली रेल्वे पाहा. लाईन १८६३ ची, चढ सदतीस फुटांना एक फूट. मुंबईकडून आलेली गाडी एकट्या इंजिनाला ओढवत नाही, म्हणून कर्जतला मागून ढकलायला बँकर इंजिनं लागतात. खाली उतरणाऱ्या गाड्या घाटात थांबवून ब्रेक तपासतात. आणि त्यातूनही एखादी सुटलीच, तर तिला वळवून चढावर दमवायला कॅच सायडिंग बांधून ठेवलेल्या. आता बघा: बँकर जोडायचा म्हणजे गाडी थांबणार. गाडी थांबली की खिडकीशी माणूस येणार. माणूस आला की त्याच्या हातातल्या कागदात गरम वडा आणि लसणाची चटणी असणार. हाच चढ शंभराला एक असता, तर बँकर लागला नसता, कर्जतला कुणी थांबलं नसतं आणि पुण्या-मुंबईच्या कित्येक पिढ्या त्या वड्याशिवाय लोणावळ्यापर्यंत उपाशी गेल्या असत्या. लगूना सेकाला साडेपाच मजल्यांचा उतार आहे आणि पायथ्याशी काहीही मिळत नाही. पॅडॉकमध्ये बर्गर मिळतो, पण त्याचा उताराशी काही संबंध नाही.

बायको बाहेर आली असेल तर पुढे जातो.

नवशिक्यांच्या गटात मागच्याला कितीही घाई असली तरी, पुढच्यानं हात बाहेर काढून वाट दाखवल्याशिवाय ओलांडायचं नाही. तेही फक्त सरळ रस्त्यावर. वाट देण्याचा माझा सराव आता दांडगा आहे. पोर्शेंना दिली, कॉर्व्हेटना दिली, आवाज न करता मागे येऊन उभ्या राहणाऱ्या टेस्लांना दिली. मागच्या सीटवर अजून बिस्किटांचा चुरा असलेल्या एका होंडा फिटलाही दिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पुण्यात मला कुणी ओव्हरटेक केलं की तो मी, माझे वडील आणि आमचं कुलदैवत या सर्वांचा अपमान असायचा, आणि तो पुढच्या सिग्नलच्या आत भरून काढावा लागायचा. इथे ओलांडून गेलेला प्रत्येक जण पुढे जाताना हात वर करून आभार मानतो. संथपणाबद्दल माझे इतके आभार कुणी मानलेले नाहीत, ऑफिसात तर नाहीच.

आवाजालाही मर्यादा आहे, बहुतेक दिवशी ९० डेसिबल. गाडी त्यावर गेली की काळा झेंडा, म्हणजे ट्रॅकबाहेर. विसर्जन मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीला इथे अर्धी फेरीही मिळायची नाही.

दारावर निळ्या टेपनं चिकटवलेला नंबर मी संध्याकाळी काढत नाही. सोमवारी ऑफिसच्या पार्किंगमध्ये कुणीतरी विचारील म्हणून ठेवतो. कुणी विचारत नाही. गुरुवारी बायको काढते.

चुलतभावाच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. टॉप स्पीड. पूर्वी हा प्रश्न मला आवडायचा, चार आकडे वाढवून सांगायचो. मे २०२४ पासून तो ऐकला की डोकं फिरतं. कल्याणीनगरला पहाटेच्या अंधारात, नंबर प्लेट नसलेल्या पोर्शेनं मोटरसायकलवरच्या दोघांना उडवलं. दोघंही चोवीस वर्षांची, मध्य प्रदेशातून पुण्यात नोकरीला आलेली, माझ्यासारखीच इंजिनिअर. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा. त्याच दिवशी जामीन झाला आणि अटींमध्ये अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध होता. पुढे लोक खवळले, निर्णय फिरला, ते सगळं झालं. पण माझ्या ११६ हॉर्सपॉवरच्या खेळण्याला, रिकाम्या ट्रॅकवर, सगळे एकाच दिशेनं जात असताना आत सोडण्याआधी कुणीतरी झाडूची दांडी घेऊन येतं. त्या गाडीला त्या रात्री एकाही फाटकावर कुणी साधं खाली उतर म्हटलं नाही. तीनशे शब्द. तुम्ही वाचताय तो हा लेख एव्हाना कितीतरी पुढे गेलाय, आणि यात कुणी मेलेलं नाही.

परवा मामाला व्हिडिओ कॉलवर कॉर्कस्क्रूची फिल्म दाखवली. तो आता भोरला असतो. चष्मा कपाळावर सारून, मोबाईल नाकाशी धरून त्यानं ती दोनदा पाहिली.

“गिअर कुठला?”

“दुसरा.”

“उतरताना पण?”

“उतरताना पण.”

“बरोबर.” पन्नाशीला टेकलेल्या माणसानं एका शब्दानं एवढं फुगू नये. “आणि समोरून गाडी आली तर?”

“समोरून कुणी येतच नाही, मामा.”

“म्हैस?”

“म्हैस पण नाही.”

“पॅसेंजर किती?”

“एकच. शिकवणाऱ्या बाई.”

“फेरी संपली की पोचतोस कुठे?”

“निघालो तिथेच.”

मामानं चष्मा डोळ्यांवर घेतला. “आणि पगार?”

“पगार कसला, मीच देतो क्लबला. चार-पाचशे डॉलर.”

पलीकडे बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज आला. मग मामा मोबाईलच्या जरा जवळ सरकला.

“तुझ्या आईला यातलं काही बोलू नकोस,” तो म्हणाला.