तेवीस किलोंचा वाङ्मयविचार

अमेरिकेतल्या मराठी वाचनाचा इतिहास कुणी लिहायला घेतलाच, तर पहिलं प्रकरण विमानतळावरच्या वजनकाट्यापासून सुरू करावं. माणशी दोन बॅगा, प्रत्येकी २३ किलो. बॅग काट्यावर चढते, आकडा २६ दाखवतो, काउंटरवरची मुलगी मान हलवते आणि मागच्या रांगेच्या साक्षीनं आपल्या अभिरुचीची जाहीर परीक्षा सुरू होते. भाजणी राहते. मेतकूट राहतं. गोडा मसाला, कुळथाचं पीठ, तीन पिशव्यांत गुंडाळून वर टॉवेल बांधलेलं कैरीचं लोणचं, कुकरच्या जादा रिंगा, चकलीचा सोऱ्या, यांना हात लावायची कुणाची छाती नसते. मग बॅगेच्या तळाशी निमूट पडलेलं ‘मृत्युंजय’ बाहेर निघतं. जन्मभर दानच करत आलेला कर्ण अखेर मुंबई विमानतळावर सोडायला आलेल्या टॅक्सीवाल्याला दान होतो, आणि बॅग बंद.

इथला मराठी माणूस छापील पुस्तक सोडून ई-पुस्तकाकडे का वळला, याची कारणं तंत्रज्ञानात शोधणाऱ्यांनी एकदा त्या काट्यापाशी उभं राहावं. ई-पुस्तकाला वजन नसतं. कारण एवढंच, पण ते फार लांबवर जातं.

तंत्रज्ञान तसं जुनंच. ४ जुलै १९७१ रोजी इलिनॉय विद्यापीठात मायकेल हार्ट नावाच्या विद्यार्थ्यानं अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा संगणकात टंकून काढला आणि इतरांना वाचायला खुला केला. प्रोजेक्ट गुटेनबर्गची सुरुवात ती. किंडल आलं १९ नोव्हेंबर २००७ ला. किंमत ३९९ डॉलर, आणि पहिला साठा साडेपाच तासांत संपला. त्या साडेपाच तासांत आपली मंडळी फारशी नसावीत. आपण तेव्हा ३९९ ला चाळीसनं गुणत बसलो होतो. सोळा हजार रुपयांत पुण्यात लोखंडी कपाट येतं आणि वर ते भरायला पुस्तकं येतात, हा हिशेब बरोबरच होता. फक्त कपाट २३ किलोंत बसत नव्हतं.

पुढे फेब्रुवारी २००९ मध्ये पहिलं विश्व मराठी साहित्य संमेलन भरलं, तेही सॅन होजेत. अध्यक्ष गंगाधर पानतावणे. ज्या प्रयोगशाळेत किंडल घडलं ती लॅब१२६ त्याच सिलिकॉन व्हॅलीतली, आणि किंडलची दुसरी आवृत्ती बाजारात आली तीही त्याच महिन्यात. मराठी साहित्य आणि ई-पुस्तक एकाच खोऱ्यात, एकाच महिन्यात होतं, आणि कुणी कुणाची ओळख करून दिली नाही. किंडलवर मराठीला अधिकृत प्रवेश मिळाला डिसेंबर २०१६ मध्ये, हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळमच्या सोबत. मधली वर्षं आपण काय केलं? आपण पीडीएफ मागितली.

पीडीएफचा हा प्रश्न मराठी वाङ्मयीन चर्चेत आता पसायदानाच्या जागी आहे. व्हॉट्सॲपवरच्या कुठल्याही वाचनकट्ट्यावर बघा. कुणीतरी रविवार खर्चून एखाद्या नव्या कादंबरीवर चार परिच्छेद लिहितं. भाषेबद्दल, पात्रांबद्दल, लेखकाच्या मागच्या पुस्तकाबद्दल. खाली पहिली प्रतिक्रिया: ‘पीडीएफ आहे का?’ दुसरी: ‘मलाही हवी.’ तिसरी नुसतेच जोडलेले हात. विचारणारे गृहस्थ सकाळी सहा-सात डॉलरची कॉफी घेऊन, मशीन वळवून समोर धरलेल्या पडद्यावर वीस टक्के टिप दाबून ऑफिसात पोचलेले असतात. ती टिप देताना ते गुणाकार करत नाहीत. तीनशे रुपयांचं पुस्तक मात्र चार डॉलरांच्या आत असूनही रुपयातच महाग वाटतं. आणि तेच गृहस्थ पुढच्या अधिवेशनात ‘परदेशात मराठी कशी टिकेल’ या परिसंवादात पहिल्या रांगेत बसून, मराठी प्रकाशक काळाबरोबर बदलत नाहीत अशी खंत व्यक्त करतात.

न्यू जर्सीत माझ्या ओळखीचे एक काका आहेत. त्यांच्या हार्डडिस्कवर हजारो मराठी पुस्तकं आहेत. कादंबऱ्या, चरित्रं, दिवाळी अंकांची अख्खी वर्षं, बखरी, आणि का कोण जाणे, पशुवैद्यकावरची काही. काही पानं तिरकी, काहींवर स्कॅन करणाऱ्याचा अंगठा आलेला. मी विचारलं, ‘काका, यातली वाचली किती?’ ते शांतपणे म्हणाले, ‘बॅकअप दोन ठिकाणी आहे.’

मला वाटतं ई-पुस्तकाच्या लोकप्रियतेचं खरं मर्म या उत्तरात आहे. छापील पुस्तक न वाचता ठेवणं अवघड असतं. ते कपाटातून बघत राहतं. पाहुणे आले की त्यांच्यातला एखादा उठून तेच नेमकं काढतो आणि विचारतो, ‘कसं आहे हो?’ दर दिवाळीला त्याच्यावरची धूळ झटकावी लागते. ई-पुस्तक असला काही आगाऊपणा करत नाही. विकत घेतलं, खाली कुठेतरी सरकलं, विसरलं. न वाचलेल्या पुस्तकांचा ढीग घरात दिसला की बायको बोलते; हाच ढीग यंत्रात असला की त्याला ग्रंथसंग्रह म्हणतात.

आणि नाती. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा विनायक रानडे यांनी उभा केलेला उपक्रम. त्याच्या ग्रंथपेट्या दुबईला गेल्या, अमेरिकेतही आल्या. कल्पना इतकी साधी की हात जोडावेत: पुस्तकांची पेटी एका घरी ठेवायची, आसपासच्यांनी येऊन न्यायची, वाचायची, मग पेटी दुसऱ्या गावच्या पेटीशी बदलायची. पण याचा अर्थ पुस्तकासाठी कुणाच्या तरी घरी जायचं. आधी मेसेज करायचा. गेल्यावर चहा. चहाबरोबर चिवडा. मग त्यांच्या मुलाचं कॉलेज, आपल्या मुलीचं कॉलेज, कुणाच्या ग्रीन कार्डाची तारीख कुठवर आली. दोनशे पानांच्या पुस्तकाला दोन तास, आणि परतफेडीला पुढल्या शनिवारी त्यांना जेवायला बोलवायचं. ई-पुस्तक डाउनलोड करताना कुणी चिवडा आणत नाही. सोय म्हणतात ती हीच.

शिवाय मुखपृष्ठ. २०१२ मध्ये ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ अमेरिकेत तुफान खपलं, तेव्हा त्या खपात ई-आवृत्तीचा वाटा मोठा का, याचं एक कारण सगळ्यांनी सांगितलं: गाडीत शेजारच्याला कव्हर दिसत नाही. आपली अडचण निराळी. मेट्रोपार्कहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत देवनागरी मुखपृष्ठ उघडून बसलं की शेजारचा सज्जन विचारतो, ‘हे हिंदी का?’ नाही म्हणावं, तर पुढची दोन स्टेशनं भारताच्या भाषावार प्रांतरचनेत जातात. हो म्हणावं, तर संयुक्त महाराष्ट्राचे हुतात्मे डोळ्यांसमोर उभे राहतात. करड्या पडद्यामागे हे सगळं टळतं. त्या पडद्यामागे झुंजार वाचणारा माणूस गंभीर चेहरा ठेवला तर धर्मानंद कोसंबी वाचतोय असं दिसतं, आणि बाबूराव अर्नाळकरांना इतकी प्रतिष्ठा याआधी कुठल्याच वाहनात मिळाली नव्हती.

एक कारण मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. नातवंड सांभाळायला सहा महिन्यांसाठी आलेल्या आज्या. मुलगा-सून कामावर, बाळ झोपलेलं, रस्त्यावर चिटपाखरू नाही, गाडी चालवता येत नाही, बाहेर बर्फ. डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेला. त्यांच्या हातात कुणीतरी टॅबलेट देतं आणि अक्षरं अंगठ्याएवढी करून देतं. छापील पुस्तकाच्या कुठल्याही आवृत्तीला हे जमलेलं नाही. ज्यांनी ई-पुस्तकं शेवटच्या पानापर्यंत वाचलेली मी पाहिली, त्या बहुतेक याच बायका. त्यांना पीडीएफ आणि इपबमधला फरक ठाऊक नाही, बॅकअप तर नाहीच.

गंमत अशी की ई-पुस्तकाच्या माहेरी खुद्द अमेरिकन माणूस अजून कागदच वाचतो. प्यू संशोधन केंद्राच्या २०२१ च्या पाहणीत मागल्या वर्षभरात छापील पुस्तक वाचलेले प्रौढ निघाले ६५ टक्के. ई-पुस्तक वाचलेले ३०. त्याला २३ किलोंची अट नाही, हे उघड आहे. पण त्यानं मधल्या काळात ई-पुस्तकाचे काही चमत्कारही जवळून पाहिले. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉननं लोकांच्या किंडलमधून काही पुस्तकं रातोरात परत काढून घेतली, कारण विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते. पैसे परत दिले, पुढे जेफ बेझोस यांनी माफीही मागितली. पुस्तकं कुठली? जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’. उपहासात्मक सदर लिहिणाऱ्यांच्या पोटावर पाय आणणारे असे योगायोग वास्तवानं घडवू नयेत. २०११ मध्ये हार्परकॉलिन्सनं ठरवलं की वाचनालयाला विकलेलं ई-पुस्तक २६ वेळा दिलं गेलं की संपलं, पुन्हा विकत घ्या. ज्याला पानच नाही त्याचं पान फाटण्याची मुदत ठरवणारा हा पहिलाच प्रकाशक असावा. आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयातली रहस्यकथा शंभर हातांतून जायची, शेवटची चार पानं गायब असायची, आणि बाराव्या पानावर कुणीतरी पेन्सिलीनं ‘खुनी दिवाणजी आहे’ असं लिहून समाजसेवा केलेली असायची. तरी ती चालूच असायची.

२०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा दुकानाबरोबर गिऱ्हाइकांच्या घरातली पुस्तकंही गेली. पैसे परत मिळाले. मग कॅलिफोर्नियानं कायदा केला, १ जानेवारी २०२५ पासून लागू: विकता ते फक्त वापरायची परवानगी असेल, तर गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगा. पाठोपाठ फेब्रुवारीत ॲमेझॉननं घेतलेली पुस्तकं संगणकावर उतरवून ठेवायची सोय काढून टाकली.

त्या दिवशी हार्डडिस्कवाल्या काकांचा मला फोन आला. आवाजात गांधीवादी तृप्ती होती. ‘बघ, मी म्हणत होतो ना? विकत घेणाऱ्याचं काही खरं नाही. माझी पुस्तकं कोण काढून नेणार?’ ज्या माणसानं उभ्या आयुष्यात एका मराठी लेखकाला एक सेंट मानधन पोचू दिलं नाही, तो त्या दिवशी अमेरिकेतला मराठी ग्रंथांचा एकमेव खरा मालक होता. मला उत्तर सुचलं नाही, अजून सुचत नाही.

काकांनी अलीकडे मृत्युपत्र केलं. एडिसनचं घर मुलाला, निवृत्तीचे साठवलेले पैसे मुलीला. काकूंचं किंडल होतं, त्यावर रीतसर विकत घेतलेली पुस्तकं होती. ती अटींप्रमाणे कुणाच्या नावावर करता येत नाहीत, असं वकिलानं सांगितल्यावर त्या जरा हिरमुसल्या. काकांच्या हार्डडिस्कचा उल्लेख मृत्युपत्रात करणं बरं नाही, असंही वकील म्हणाला, आणि कारण विचारू नका म्हणाला. तेव्हा काकांनी एक चिठ्ठी वेगळी लिहून बँकेच्या लॉकरात ठेवली. हार्डडिस्क तळघरात कुठे आहे, दुसरी कुठे आहे, आणि पासवर्ड म्हणजे आजोळच्या गावाचं नाव व त्यापुढे पणजोबांच्या मुंजीचं शक, असं त्यात सविस्तर दिलं आहे.

मुलगा ह्यूस्टनला आहे, मुलगी सिॲटलला. चिठ्ठी शुद्ध मराठीत आहे.