हत्तीची हक्काची रजा

गडचिरोली जिल्ह्यात, अहेरी तालुक्यातल्या कमलापूरला, दर हिवाळ्यात हत्ती रजेवर जातात. रजा म्हणजे खरीखुरी, वनखात्याने मंजूर केलेली. साधारण जानेवारीत दहाएक दिवस त्यांना कामाला लावत नाहीत आणि पर्यटकांसाठी कॅम्पही बंद असतो. आमच्याकडच्या वर्तमानपत्रांत ही बातमी वर्षाआड नव्हे, दरवर्षी येते. ती वाचून चंद्रपुरातल्या कुठल्या तरी कचेरीत एखादा बाबू उसासा टाकतोच. हत्तीला अर्ज करावा लागत नाही. 'रजेचे कारण' लिहावे लागत नाही. 'रजेच्या काळातला पत्ता' हा रकाना तर नाहीच, कारण पत्ता सगळ्यांना ठाऊक असतो.

हत्तीला एवढे काम तरी काय असते, असे कोणी विचारील. एके काळी फार होते. आलापल्लीचे सागवान जगप्रसिद्ध, पण कापलेला ओंडका आपल्या पायांनी डेपोत जात नाही. तो जंगलातून ओढून आणायला हत्ती होते. पुढे ट्रक आले, यंत्रे आली आणि हत्तींचे खाते बदलले. आता बसंती, मंगला, रूपा, अजित ही मंडळी महाराष्ट्रातल्या एकमेव शासकीय हत्ती कॅम्पची शोभा सांभाळतात. म्हणजे काम हलके झाले, पण रजा गेली नाही. हे ज्याला साधले तो नोकरदार धन्य!

2022 साली कमलापूरच्या हत्तींना गुजरातेत जामनगरला हलवायचे घाटत होते. गाव पेटून उठले, मोर्चे निघाले आणि कमलापूरचे हत्ती कमलापुरातच राहिले. गडचिरोलीतून बदली व्हावी म्हणून मुंबईपर्यंत खेटे घालणारे पुष्कळ पाहिले. गडचिरोलीतून होणारी बदली रद्द झाली म्हणून आनंद झालेले हे बहुधा पहिलेच कर्मचारी.

पण मला रजेपेक्षा त्या रजेत काय करतात याचे कौतुक जास्त. त्या दिवसांत 'चोपिंग' चालते. थंडीने हत्तीच्या तळपायांना भेगा पडतात, म्हणून झाडपाल्याची आणि मसाल्याची औषधे मोठ्या भांड्यात उकळून त्यांचा दाट चोप करतात आणि गरम गरम असतानाच त्याने पाय शेकतात. माहूत हाक देतो, हत्तीण पाय उचलते, आणि चाराकटर, म्हणजे माहुताचा मदतनीस, तो गोल, खरबरीत, बशीएवढ्या नखांचा पाय खालून शेकू लागतो. पहिला चटका बसला की ती पाय किंचित मागे घेते. मग कळते की बरे वाटते आहे. मग उगीच कान हलवत उभी राहते, आणि एक पाय झाला की दुसरा पुढे करायला फारसे सांगावे लागत नाही. तीन टनांचा देह ज्या चार तळव्यांवर उभा, त्यांची डागडुजी आधी, बाकीचे मग, असा हा साधा हिशेब. रजा म्हणजे नुसते लोळणे नव्हे, पुन्हा उभे राहायची तयारी, हे इथे हत्तीलाही कळते.

घोडेवाल्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. चार-सहा महिने पागेत उभा असलेला घोडा पुन्हा स्वारीला काढायचा तर पहिले काही आठवडे नुसता चालवायचा. मग थोडी दुडकी, आणि चौखूर उधळणे फार पुढची गोष्ट. फसगत होते ती इथेच. घोड्याचा दम आणि मांस लवकर परत येते, पण पायांच्या कंडरा आणि हाडे पुन्हा टणक व्हायला महिने लागतात. आठ-पंधरा दिवसांत घोडा फुरफुरू लागतो, मालकाला वाटते झाला तयार, आणि नेमका तेव्हाच तो लंगडतो. शिवाय बसून बसून पाठीचे मांस उतरलेले असते. जुने खोगीर नीट बसत नाही, तंगाखालची कातडी सोलते. दोष मात्र घोड्यालाच: आळशी झाला!

विलायतेत गाड्या ओढणाऱ्या घोड्यांना तर सोमवारचा म्हणून एक आजारच होता. आठवडाभर राबायचे, रविवारी विश्रांती, पण चंदी मात्र रोजच्याएवढीच. सोमवारी जुंपले की चार पावलांत मागचे स्नायू लाकडासारखे ताठ, अंग घामाने निथळलेले, घोडा जागच्या जागी उभा. उपाय सोपा होता: सुट्टीच्या दिवशी चंदी कमी करा. आपल्याकडे सुट्टीच्या दिवशी चंदी कमी करण्याची पद्धत नाही. रविवारी दुपारी पुरणपोळी आणि रात्री सावजी रस्सा, मग सोमवारी साहेबासमोर ताठ उभे राहण्याचे कारण निष्ठा नसून हेच असते.

मराठ्यांच्या घोडदळाचे सगळे वर्षच काम आणि विश्रांतीच्या या हिशेबावर बांधलेले होते. पावसाळा छावणीत, दसऱ्याला सीमोल्लंघन. चिपळूणच्या छावणीला लिहिलेल्या शिवाजी महाराजांच्या पत्रात दाणावैरण आत्ताच उडवून टाकाल तर पावसाळ्यात घोडी मरू लागतील, अशी कडक ताकीद आहे. मोहिमेची काळजी करणारे पुष्कळ, पण विश्रांतीतल्या घोड्याच्या वैरणीची काळजी करणारा राजा विरळा.

आमच्या झाडीपट्टीत राजा नाही, पण शेतकरी आहे. उन्हाळभर गोठ्यात राहिलेल्या बैलाचा खांदा मऊ पडतो. मृगाच्या तोंडावर त्याला एकदम दिवसभर वखराला जुंपले की खांदा सुजतो, म्हणून जाणता माणूस सकाळी थोडा वेळ वखर धरतो आणि सोडतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी पळसाच्या पानाने तूप-हळद लावून खांदे शेकतात आणि उद्या जेवायला या, असे बैलाला रीतसर आमंत्रण देतात. माणसाला लग्नाचे आमंत्रणसुद्धा हल्ली मोबाइलवर येते.

माणूस मात्र बाळंतपणातून, आजारातून, शस्त्रक्रियेतून उठून आला की पहिल्याच दिवशी त्याच्यासमोर साठलेल्या फायलींचा गठ्ठा येतो. वर साहेब प्रेमाने विचारतात, "काय मग, झाला ना आराम?" या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर आजवर कोणी दिलेले नाही. तळपाय शेकणे तर सोडाच. कमलापूरला ज्याने हत्तीच्या रजेची पद्धत घालून दिली, त्याची सामान्य प्रशासन विभागात नेमणूक करायला हवी होती असे माझे स्पष्ट मत आहे.

तुम्हाला हे हत्ती पाहायचे असतील तर अवश्य जा. चंद्रपूरहून यायचे तर आलापल्लीवरून रस्ता आहे आणि दोन्ही बाजूंचे सागवान पाहण्यातच निम्मे पैसे वसूल होतात. फक्त जानेवारीत बेत आखलात तर आधी सिरोंचा वनविभागात चौकशी करा. रजा चालू असेल तर दर्शन होणार नाही, आणि तिथे मंत्रालयातल्या ओळखी सांगू नका. हत्ती रजेवर असताना कामावर येत नाहीत.