कुटुंब, दुरुस्तीसह
गूगलच्या पिक्सेल फोनात २०२१ साली फोटोतली नको ती माणसं पुसायची सोय आली. कंपनीने सांगितलं, मागे डोकावणाऱ्या अनोळखी लोकांसाठी. आपल्याकडे अनोळखी कोणाला नडतात? पुसायचा असतो तो नवरा-नवरीच्या मागे घुसलेला चुलतभाऊ. २०२३मध्ये पुढची पायरी: लागोपाठ काढलेल्या फोटोंमधून प्रत्येकाचा बरा चेहरा उचलून एकाच फोटोत बसवता येऊ लागला. मानपानावरून रुसलेली वरमाय आता हसरी निघेल. फक्त निदान एका फोटोत तरी ती हसलेली हवी. (इथे तंत्रज्ञान हात टेकतं.)

२०२४मध्ये फोटो काढणाऱ्यालाही घोळक्यात आणून उभं करायची युक्ती निघाली. दोन फोटो काढायचे, फोन ते जोडतो. हे मात्र वाईट झालं. फोटो काढायच्या निमित्ताने कित्येक काका वर्षानुवर्षं धाकट्या भावाशेजारी उभं राहणं टाळत आले होते. आता अल्बमात ते त्याच्या खांद्याला खांदा लावून हसणार आणि वाटणीच्या दाव्यात धाकटा तोच फोटो पुरावा म्हणून जोडणार. सातबाऱ्यावरचं नाव पुसायला मात्र अजून तलाठ्याकडेच खेटे घालावे लागतात.