व्हिएतनाममध्ये स्वतःचं पार्सल कसं करावं

हनोई ते हो ची मिन्ह सिटी, अंतर सुमारे १,७०० किलोमीटर. विमान दोन तासांत पोचवतं. पण तुम्हाला देश ‘आतून’ बघायचाय, शिवाय रात्रीच्या स्लीपर बसमुळे एका मुक्कामाचं हॉटेलभाडं वाचतं असं ऑफिसात कुणीतरी सांगितलंय. छान. मग खालच्या सूचना पाळा. एकच पथ्य: प्रवासी असल्याचा तोरा नको. ही बस सामानाची आहे. तिथे सामान होऊनच सुख लागतं.

१. तिकिटाचा आकडा लाखांत ऐकून मटकन खाली बसू नका. डोंग हे तिथलं चलन; त्याची शेवटची तीन शून्यं पुसा, उरलेल्याला तिनाने गुणा. साधारण रुपये येतात. सुटण्याची वेळ लिहून घ्या आणि विसरा. आधी एक मिनीबस तुम्हाला हॉटेलातून उचलेल आणि बाकीचे प्रवासी गोळा करत गल्लीबोळांतून फिरवेल. हे शहरदर्शन फुकट असतं.

२. दारात क्लीनर प्लास्टिकची पिशवी पुढे करेल. ती उलटीसाठी नाही, बुटांसाठी. मोज्याला अंगठ्यापाशी भोक असेल तर वरच्या बर्थवर चढताना ते चारचौघांच्या नाकासमोरून जाईल, याची तयारी ठेवा.

३. बर्थ निवडताना घाई नको. आत तीन रांगा, दोन मजले, मध्ये जेमतेम एक माणूस तिरका होऊन जाईल असे दोन बोळ. पाठ टेकली की पाय एका खोक्यात सरकवायचे; ते खोकं पुढच्याच्या पाठीखाली असतं. उंची साडेपाच फुटांपुढे असेल तर गुडघ्यांची सोय घरूनच ठरवून या. वरच्या बर्थवर एसीचा झोत थेट कपाळावर. खालचा घेतलात तर वाटेत चढलेली मंडळी बोळात, अगदी तुमच्या कुशीलगत पथारी पसरतील. मधल्या रांगेला खिडकी नाही, मात्र वळणावर दोन्ही बाजूंना पडायची मोकळीक आहे. हल्ली पडदेवाल्या केबिनच्या बसही निघाल्यात, पण नवशिक्याने एकदम चैनीला लागू नये.

४. मध्यरात्री बस अंधारात थांबली तर घाबरू नका. कुणीतरी थर्माकोलचं खोकं चढवतंय. मग तांदळाची पोती, मग स्कूटर. खोक्यावर ठळक मार्करने फोन नंबर लिहिलेला असतो, आणि ठरल्या फाट्यावर ते घ्यायला माणूस उभा असतो. तुमच्यासाठी असं कोण उभं राहणार आहे?

५. हॉर्नचा राग मानू नका. ड्रायव्हर चिडलेला नसतो. तो फक्त ‘आलो’ एवढंच कळवत असतो, प्रत्येक स्कूटरला वेगवेगळं. हुए शहर सोडल्यावर हाय व्हान घाट लागतो. जग त्याचे फोटो काढायला येतं. तुमची बस मात्र २००५ साली खुल्या झालेल्या सहा किलोमीटरच्या बोगद्यातून जाईल. झोपून राहा, काही चुकत नाही.

६. थांबा आला की दाराशी प्लास्टिकच्या सार्वजनिक स्लिपरांवर झडप घाला. उशीर केलात तर दोन्ही डाव्या पायाच्या मिळतील. बहुतेक बसमध्ये संडास नसतो, तेव्हा आधी कुठे धावायचं ते सांगायला नको. शाकाहारी असाल तर नुओक माम, म्हणजे आंबवलेल्या माशांचं पाणी, भाजीतही असू शकतं. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढा, लाजू नका. बसचा नंबर मात्र पाठ करून उतरा. अंगणात तशाच आणखी चार उभ्या असतात आणि कुणीही तुमची डोकी मोजत नाही.

७. मुक्कामाचं गाव पहाटे चारला येतं. क्लीनर पाय हलवून उठवेल आणि बुटांच्या पिशवीसह तुम्हाला फुटपाथवर ठेवेल. मोटरसायकल टॅक्सीवाले घेरतील. पहिल्या भावाला ‘नाही’ म्हणा, तिसऱ्याला मान डोलवा, हॉटेल गाठा. वाचवलेलं भाडं खिशात चाचपा. खोली दुपारी दोनला मिळते.