पोरं बिघडली हो, प्रबंध लिहा!

काय म्हणावं बाई या प्राध्यापक मंडळींना! पोरगं कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसलं, की आपण ‘डोळे फुटतील मेल्या’ म्हणतो आणि कुकर लावायला निघून जातो. यांचं तसं नाही. हे वही घेऊन त्याच्याच मागे बसतात. किती वेळ बघितलंस? बघताना काय वाटलं? बघून झाल्यावर काय वाटलं? मग प्रश्नावली, मग अनुदान, मग परिषद, मग परिषदेतलं जेवण. ‘मुलं आणि माध्यमं’ हा विषय म्हणजे शंभर वर्षं न आटलेली दुभती गाय आहे नुसती.

थट्टा वाटते? १९२९ साली अमेरिकेत पेन फंड नावाच्या संस्थेच्या पैशांवर सिनेमा आणि मुलं यांचा अभ्यास सुरू झाला. ओहायोच्या विद्वानांनी कहर केला. संध्याकाळी मुलांना सिनेमाला न्यायचं, आणून झोपवायचं आणि पलंगाला यंत्र जोडून रात्रभर नोंद ठेवायची, की पोरगं किती वेळा कुशीवर वळलं! यंत्राचं नाव हिप्नोग्राफ. झोपेतसुद्धा सुटका नाही बिचाऱ्यांची. तिकडे आयोवात दुसरीच तऱ्हा. बोटांना तारा लावून सिनेमा दाखवायचा आणि पडद्यावर काय आलं की कातडीला किती घाम सुटतो, ते मोजायचं. निष्कर्ष काय? तर सोळाच्या आसपासच्या मुलांचा काटा प्रेमप्रसंगाला सगळ्यांत जोरात हलला. घ्या! हे सांगायला यंत्र कशाला हवं होतं? आपल्या आळीतल्या कुठल्याही काकूने फुकटात सांगितलं असतं.

बरं, अभ्यासकांनी खंडांमागून खंडांत लिहिलं होतं, की परिणाम मुलामुलावर, घराघरावर अवलंबून असतो. पण असलं मिळमिळीत कोण वाचणार? १९३३ मध्ये हेन्री फोरमन नावाच्या पत्रकाराने त्यातलं काळंकुट्ट तेवढं वेचून एक खमंग पुस्तक काढलं आणि गाजलं तेच.

पुढे पाळी आली कॉमिक्सची. फ्रेडरिक वर्थम या डॉक्टरांनी १९५४ मध्ये जाहीर केलं, की कॉमिक्सने पोरं गुन्हेगार होतात. बॅटमन आणि रॉबिनच्या एकत्र राहण्यातही त्यांना काहीबाही दिसलं. झालं! सिनेटची सुनावणी काय, प्रकाशकांनी घाबरून स्वतःवर घातलेली आचारसंहिता काय! २०१२ मध्ये कॅरल टिली या संशोधिकेने डॉक्टरांची जुनी टिपणं तपासली, तर मुलांच्या जबान्यांत जोडतोड केलेली निघाली. पोरांना खोटं बोलू नका म्हणून सांगणाऱ्या मंडळींचा हा खरेपणा.

आणि तो बाहुला विसरून कसं चालेल? १९६१, स्टॅनफर्ड. मानसशास्त्रज्ञ बांडुरा साहेबांच्या प्रयोगात मोठं माणूस लहानग्यासमोर बोबो नावाच्या फुगवलेल्या बाहुल्याला हातोडीने बडव बडव बडवी. मग ते लेकरू बाहुल्याजवळ सोडायचं. लेकरानेही बडवला. हाय रे देवा, केवढा अनर्थ! पण ठोसा मारला की पुन्हा उभाच राहतो, अशा बाहुल्याचं करायचं तरी काय असतं? ओवाळायचा?

टीव्ही झाला, व्हिडिओ गेम झाला, आता मोबाइल. २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रशिबिल्स्की यांनी साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीनांची माहिती चाळली. स्क्रीनचा मनःस्वास्थ्याशी संबंध निघाला, पण मुलामुलांच्या मनःस्वास्थ्यातल्या फरकाचा फार तर ०.४ टक्के हिस्सा त्याच्या वाट्याला. जवळपास तेवढाच वाईट संबंध बटाटे खाण्याशी निघाला, आणि चष्मा लावण्याशी त्याहून जास्त! आता बटाटेवड्यावर परिसंवाद कधी भरवताय? चष्म्याला वयाची अट?

पण ऐकतंय कोण! २०२४ मध्ये मोबाइलने अख्खी पिढी चिंताग्रस्त केली म्हणणारं जोनाथन हाइट यांचं ‘द अँक्शस जनरेशन’ हे पुस्तक आलं आणि रातोरात जो तो दीक्षा घेऊन मोकळा. ‘अहो, सोबत असणं म्हणजे कारण असणं नव्हे,’ असं कँडिस ऑजर्ससारख्या अभ्यासक ओरडत राहिल्या. ऑस्ट्रेलियाने तर डिसेंबर २०२५ पासून सोळाच्या आतल्यांना समाजमाध्यमांची दारंच लावून टाकली.

या गदारोळात लंडनच्या अभ्यासक सोनिया लिव्हिंगस्टन यांनी भलताच आगाऊपणा केला. त्यांनी मुलांनाच विचारलं! युरोपभर, देशोदेशी. जे पोर नेटवर जास्त वावरतं, त्याला धोके जास्त भेटतात आणि संधीही, असं निघालं. माध्यमांचे अभ्यासक डेव्हिड बकिंगहॅम तर म्हणत आले, की नुसतं झाकून ठेवण्यापेक्षा जाहिरात, सिनेमा कसा रचतात, त्यातून कोण कमावतं, हे पोरांना शिकवा. छे, यात आरडाओरडा करायला वावच नाही! शहाणपणाने कधी सभागृह भरलंय?

आपल्याकडे काय वेगळं! ग्रामीण शिक्षणाची ‘असर’ ही २०२४ची पाहणी आली: खेड्यापाड्यांतल्या चौदा ते सोळा वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो, त्यांतल्या ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाला वापरला आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. अरेरे, अरेरे! पण हे अरेरे आपण कुठे म्हटलं? फॅमिली ग्रुपवर. खाली मावशींनी हात जोडल्याचं चित्र टाकलं, काकांनी ‘मोबाइलचे दुष्परिणाम’ नावाचा अकरा मिनिटांचा व्हिडिओ, आणि मामांनी तोच पुन्हा. ज्या नातवाबद्दल हे चाललं होतं, तो ग्रुप म्यूट करून क्रिकेट खेळायला गेलेला.

सांगलीच्या मोहित्यांचे वडगावने मात्र २०२२ मध्ये भन्नाट काम केलं. संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजला, की दीड तास मोबाइल बंद आणि टीव्हीही बंद. टीव्हीही! म्हणजे नुसती पोरंच नव्हेत, सासवासुद्धा कात्रीत. तसाच भोंगा आपल्या सोसायटीत बसवावा का, यावर सध्या सोसायटीच्या ग्रुपवर घनघोर चर्चा चालू आहे. रात्रीचा एक वाजून गेला, सेक्रेटरी अजून टाइप करतायत.