रातीचं दिसलं पाहिजे

वस्तू घेण्याआधी तिचा अभ्यास करून दुकानदाराला रडकुंडीला आणणारी माणसं फक्त पुण्याच्या पेठांत असतात, असं ज्यांना वाटतं त्यांनी सांगोल्याकडचे बापू पाहिलेले नाहीत. तीन एकर भगवा डाळिंब, विहिरीवर मोटर आणि उशाला मोबाइल, ही त्यांची इस्टेट. मागच्या बहाराला शेजारच्या बागेतला माल रातोरात कुणीतरी तोडून नेला. त्याआधी एकाची तांब्याची केबल गेली. तेव्हापासून बापूंना एकच ध्यास, रानात कॅमेरा. अटी दोनच. अंधारात स्वच्छ दिसलं पाहिजे आणि पैसे फार जाता कामा नयेत.

या दोन अटींच्या बेचक्यात बापूंनी अख्खा बहार काढला.

कारण बापूंची खरी हौस खरेदीची नव्हे, चौकशीची. रात्री यूट्यूब, सकाळी पार. आठ मेगापिक्सलच्या कॅमेऱ्याचं कुणी कौतुक केलं, की बापू त्याला खालीच बसवत. "चाराचा बरा. सेन्सर तेवढाच आन् पिक्सल दुप्पट, मग एकेकाच्या वाट्याला उजेड किती येणार? आमच्या आज्याच्या वीस एकराचं वाटणीत काय झालं, बघितलं न्हवं?" डब्यावर ०.००१ लक्स छापलेलं दाखवलं, तर म्हणत, "मास्तर, पुनवेचं टिपूर चांदणं जेमतेम पाव लक्स भरतंय. ह्यो त्याच्या अडीचशेव्या हिश्श्यात बघतो म्हणतोय. बघत आसंल. पर शटर किती येळ उघडं ठिवून? चालता माणूस धुरावानी दिसतोय त्यात. चोर काय फोटोला हुबा ऱ्हाणार हाय?"

यात खोट काढायला जागा नसते. बापूंचा त्रास हाच आहे, की ते बरोबर बोलतात.

पंढरपूरच्या एका दुकानात तर त्यांनी परीक्षाच घेतली. शटर ओढायला लावलं, ट्यूब बंद, आणि पिशवीतून दोन डाळिंबं काढून कॅमेऱ्यापुढे धरली. "सांगा, पिकलेलं कुठलं?" पडद्यावर दोन्ही सारखीच राखाडी. दुकानदार बिचारा समजावू लागला, की इन्फ्रारेडवर रंग येत नाहीत, सगळं काळं-पांढरंच दिसतं. रंग हवा तर पांढऱ्या दिव्याचा कॅमेरा घ्या, नाहीतर एफ १.० लेन्सचा, तो महाग. बापूंनी पांढरा दिवा जागच्या जागी निकालात काढला. "म्हंजी चोराला पिकलेलं फळ निवडाया आमीच बत्ती धरायची?"

मग इन्फ्रारेडचाही घोळ झाला. ८५० नॅनोमीटरचे दिवे लांबवर पोचतात, पण अंधारात बारीक लाल चमकतात. ९४० चे डोळ्याला दिसत नाहीत, पण त्यांचा पल्ला कमी. लाल ठिपका पाहून चोर पळेल, का कॅमेराच उपटून नेईल? यावर बापूंनी चार रात्री घालवल्या असत्या, पण काकू भाकरी थापता थापता म्हणाल्या, "अवो, त्यापरीस गडी ठिवला आस्ता तर पगार देऊन सुदिक परवडलं आस्तं." त्या वाक्याने काम झालं. दुसऱ्या दिवशी बापू ८५० वाला घेऊन आले. सोलर पॅनेल, सिमकार्ड, चार मेगापिक्सल. लेन्स मात्र मुद्दाम सहा मिलिमीटरची. २.८ ची लेन्स सगळं रान दाखवते, पण बांधावरच्या माणसाचं तोंड ज्वारीच्या दाण्याएवढं. "सगळं रान बघून काय करायचं? ते म्या रोज बघतोय. वाट बघायची."

कॅमेरा खांबावर चढला आणि बापूंची झोप उतरली. पहिल्या आठवड्यात मोबाइलवर पाखरं आली. दिव्याभोवती पतंग, पतंगांच्या मागे कोळी. त्याचं जाळं लेन्ससमोर असं पांढरंफेक उजळे, की रानात बर्फ पडल्यासारखं वाटावं. बापूंनी कुंचा बांधलेली लांब काठी केली. जाळं काढायला तेच जात, कारण दुसऱ्या कुणाचा हात लेन्सला लागलेला त्यांना चालत नसे.

अमावास्येच्या आसपास खरा माणूस सापडला. मुंडकं टॉवेलात गुंडाळलेलं, हातात काठी, बांधावरून सरळ कॅमेऱ्याकडे चाललेला. बापूंनी सकाळी उठून व्हिडिओ गावच्या ग्रुपवर टाकला, पोलीस पाटलांना बोलावलं. पारावर पाच-पंचवीस माणसं मोबाइलभोवती. चाल ओळखीची वाटते, यावर सगळ्यांचं एकमत, नावावर होईना. तेवढ्यात काकू घागर घेऊन चालल्या होत्या. थांबल्या, वाकून पाहिलं.

"अवो, ह्यो टावेल आपला न्हाई का? आन् काठीला कुंचा बी हाय की."

पोलीस पाटलांनी खाकरून इकडेतिकडे पाहिलं. बापू जराही डगमगले नाहीत. त्यांनी मोबाइल परत घेतला, चित्र बोटांनी मोठं केलं आणि दुकानदाराला फोन लावला.

"हां, बापू बोलतोय. त्यो एफ १.० वाला कितीला म्हणला हुता? आवं, टावेल निळा हाय का हिरवा, कायबी कळंना झालंय. घरचा माणूस वळकू येईना, तर चोर कसा वळकावा?"