मामांचे बदाम, मामींचे दाणे

आमच्या मामांचा बदामावर जेवढा विश्वास आहे, तेवढा डॉक्टरांवर नाही. रात्रभर भिजवलेले बदाम सकाळी चिमटीत धरून ते सालीतून पटकन उडवतात आणि घरातल्या प्रत्येकाच्या हातावर मोजून ठेवतात. पूर्वी हे बदाम बुद्धीसाठी असत. मामेभावाचा दहावीचा निकाल लागला आणि बदामांचं खातं बदललं. आता ते कॅन्सर होऊ नये म्हणून असतात.

मामांची बाजू अगदीच लंगडी नाही. २०१३ साली अमेरिकेत परिचारिका आणि वैद्यकीय व्यवसायातले पुरुष अशा सुमारे १ लाख १९ हजार लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. रोज मूठभर बदाम-अक्रोड-दाणे खाणाऱ्यांचा मृत्युदर, अजिबात न खाणाऱ्यांपेक्षा २० टक्के कमी निघाला. कॅन्सरने होणारे मृत्यूही काहीसे कमी होते. पण ही खाणारी मंडळी सिगरेट कमी ओढत होती आणि व्यायाम जास्त करत होती. संशोधकांनी हा फरक हिशेबात धरला खरा. तरी श्रेय बदामाचं की बदाम परवडणाऱ्या पगाराचं, हे अशा पाहणीतून छातीठोकपणे सांगता येत नाही.

२०१८ मध्ये आतड्याच्या कॅन्सरच्या ८२६ रुग्णांचा अभ्यास आला. आठवड्यातून दोनदा तरी बदाम, अक्रोड, काजू खाणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचं किंवा मृत्यूचं प्रमाण ४६ टक्के कमी दिसलं. शेंगदाण्याने मात्र काही फरक पडला नव्हता. ‘‘बघ! गरिबाचा बदाम शेवटी गरिबाचाच!’’ मामा म्हणाले. या सगळ्या रुग्णांची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झालेली होती, हे मी सांगितलं; पण तोवर मामा काजूकडे वळले होते.

पुढे कुणीतरी त्यांना ‘जर्दाळूच्या बियांतलं व्हिटॅमिन बी-१७ कॅन्सर बरा करतं’ असा निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी गॅलरीत खलबत्त्यातला बत्ता घेऊन मामा जर्दाळूच्या बिया फोडत बसले. खालच्या मजल्यावरच्या काकू दोनदा वर येऊन गेल्या.

‘‘मामा, कडू बियांमधून पोटात सायनाइड तयार होतं.’’

‘‘थोडंसंच ना? त्यानेच तर कॅन्सरच्या पेशी मरतात.’’

‘‘तुम्हीही पेशींचेच बनलेले आहात, मामा.’’

बी-१७ नावाचं जीवनसत्त्वच नाही. या बियांमधल्या द्रव्यावरून बनवलेलं लेट्राइल अमेरिकेत १७८ कॅन्सररुग्णांना देऊन पाहिलं गेलं. १९८२ साली निकाल छापून आला: एकही बरा झाला नाही आणि काहींच्या रक्तात सायनाइड जीवघेण्या पातळीच्या जवळ पोचलं होतं. यावर मामांनी बत्ता खाली ठेवला. पटलं म्हणून नव्हे, अंगठ्यावर बसला म्हणून.

हे सगळं चालू असताना, ज्याबद्दल शास्त्रज्ञांमध्ये दुमत नाही ते स्वयंपाकघरात मामींच्या ताटात होतं. मामी शेंगदाणे निवडत होत्या. चांगले डब्यात आणि काळपट, सुरकुतलेले, हिरवट पावडर धरलेले एका वाटीत.

‘‘वाटीतल्यांचं काय?’’

‘‘चटणीत जातील. भाजले की वास जातो.’’

वास जातो, विष जात नाही. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी पटापट मेले. त्यांना घातलेल्या, ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीवर बुरशी होती. तिच्या विषाला पुढे अफ्लाटॉक्सिन नाव मिळालं. ते पोटात जात राहिलं तर यकृताचा कॅन्सर होऊ शकतो. कावीळ-बी असलेल्यांना धोका आणखी जास्त. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत ते तंबाखूच्या पंगतीला, पहिल्या गटात बसलेलं आहे. भाजल्याने ते थोडं कमी होतं, पण नाहीसं होत नाही.

म्हणजे ज्या घरात कॅन्सरच्या धाकाने बदाम मोजून वाटले जातात, त्याच घरात ‘टाकवत नाही’ म्हणून बुरसलेल्या दाण्यांची चटणी होते.

तेव्हा बदाम परवडत असतील तर जरूर खा. पण पावसाळ्यात दाण्यांचा डबा एकदा उघडून बघा. बुरसलेले, कुबट दाणे सरळ कचऱ्यात टाका. कामाला येणाऱ्या मावशींना देऊ नका.